गच्चीत न लावलेला घेवडा

मित्रांनो, मला पाहून बरेच जण विचारतात, "हे मातीचं आहे का लाकडाचं?" मी मातीचाही नाही आणि लाकडाचाही नाही. मी आहे एक जुना तुंबा, म्हणजे वेलावर पिकलेला आणि वाळून टणक झालेला भोपळा. काल्हेरच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात मी सात वर्षं बसून आहे. इथे मला सगळे फार जपतात. त्या जपण्याचीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे, कारण तिच्यात माझीही चूक आहे.

माझा जन्म दिघाशी गावातला. रघू आणि काशी या शेतकरी नवराबायकोच्या घरामागे मांडव होता. त्यावर माझा वेल चढला होता. माझ्या बरोबरीचे भोपळे एकेक करून भाजीसाठी गेले. माझ्यापर्यंत हात आला तेव्हा काशी म्हणाली, "याला नका हात लावू. हा बियाचा हाय." मग मी वेलावरच राहिलो. पानं गळली, वेल सुकला, तरी मी लटकत राहिलो. माझी साल दगडासारखी झाली आणि हलवलं की आत बिया खुळखुळू लागल्या. तेव्हा काशीने मला उतरवलं, माझं तोंड कापलं, बिया काढल्या, आत पाणी भरून ठेवलं आणि चार दिवसांनी सगळा गर खरवडून मला उन्हात वाळवलं. एवढं झाल्यावर मला माझं काम मिळालं. काशीने माझ्यात घेवड्याचं बी ठेवलं.

तो घेवडा तिने माहेराहून आणला होता. हिरव्या शेंगेला जांभळा काठ, आणि आतला दाणा काळा, पाठीवर पांढरी रेघ. तिच्या आईकडे तो होता, आईच्या आईकडेही होता म्हणे. काशी दाण्यांना चुलीतली चाळलेली राख चोळायची, मला भरायची आणि तोंडात चिंधीचा बोळा घट्ट बसवायची. राखेमुळे किडा लागत नाही. आषाढ लागला की ती मला पार रिकामा करायची. अर्धं बी स्वतःच्या मांडवाखाली लावायची आणि अर्धं मागायला येईल त्याला द्यायची. मला ते मुळीच आवडत नसे. मला वाटायचं, इतकं मन लावून मी सांभाळतो आणि ही बाई एका सकाळी सगळं वाटून टाकते! पण माघ-फाल्गुनात वेलावर शेंगा वाळायच्या आणि मी पुन्हा काठोकाठ भरायचो.

रघू गेला तेव्हा काशीचा मुलगा कुमार काल्हेरला एका गोदामात सुपरवायझर होता. त्याने इथे घर घेतलं होतं. घरात त्याची बायको हेमाली होती, आणि त्यांची छोटी मुलगी दिशा तेव्हा नुकती रांगायला लागली होती. कुमार आईला म्हणाला, "आये, आता एकटी नको राहू तिकडं. चल माझ्याबरोबर." काशी, आता तिला काशीआजी म्हणायला हवं, दोन लुगडी, गोणीभर माती आणि मला घेऊन आली. गोणी पाहून कुमार हसला. "माती कशाला आणलीस गं?"

"तुमच्याकडं न्हाय ना," आजी म्हणाली.

खरंच नव्हती. खाली तळमजल्याच्या कुंपणाकडची पट्टी सोडली तर सगळीकडे काँक्रीट होतं आणि दिवसभर कंटेनर मागे घेतल्याचे आवाज यायचे. पण घराला एक गॅलरी होती, लोखंडी जाळीची, आणि सकाळचं ऊन तिथे येत होतं. आजीला तेवढं पुरलं. समोरच्या नव्या इमारतीचं रंगकाम चालू होतं. तिथल्या रंगाऱ्यांकडून तिने रिकाम्या बादल्या मागून आणल्या, तापलेल्या खिळ्याने त्यांना बुडाशी भोकं पाडली आणि हेमालीच्या स्वयंपाकघराकडे लक्ष द्यायला सुरुवात केली.

हेमाली कांद्याचा मुळाकडचा भाग कापून टाकायची, आजी तो उचलून मातीत बसवायची. आठवड्यात हिरवी पात वर यायची. लसणाच्या कुडीला कोंब आला की ती पाकळी मातीत. आल्याला डोळा फुटला की तेही. भाजीवाल्याकडच्या पुदिन्याची पानं चटणीत जायची आणि काड्या पेल्यातल्या पाण्यात. मुळ्या फुटल्या की बादलीत. धणे लाटण्याखाली हलके रगडून पेरायची, कारण अख्खा धणा लवकर रुजत नाही. टोमॅटो फारच पिकून फुटला तर हेमाली तोंड वाकडं करायची आणि आजी खूश व्हायची. दिशा चालायला लागली तशी ती आजीच्या मागेमागे फिरे. तिला वाटे, झाडं कचऱ्याच्या डब्यातूनच येतात. एका अर्थी तिचं बरोबरच होतं.

आणि गॅलरीच्या कोपऱ्यात, सगळ्यात मोठ्या बादलीत, घेवडा. जाळी धरून तो वरपर्यंत जायचा. माझं भरणं आणि रिकामं होणं काल्हेरलाही चालू राहिलं.

एकदा भांडण मात्र झालं. तळमजल्यावर सीताबाई राहायच्या, आजीच्याच वयाच्या. त्यांनी अंगणात सुपात ताकातल्या मिरच्या वाळत घातल्या होत्या. आजीने झाडांना पाणी घातलं आणि ते थेट त्या सुपात गळलं. सीताबाई खालून ओरडल्या, "वर कोन हाय? शेती करायची तं गावाला जा ना!"

आजी खाली गेली. मला बरोबर नेलं. ती म्हणाली, "चुकलं माझं. मिरच्या मी परत भरून देते. आन् हे चार दाणे घे. तुझ्या कुंपणाला लाव. तुझ्याकडं तर जमीन हाय, मी तुझ्यावर जळते बघ."

सीताबाईंना हसू फुटलं. त्या वर्षी तळमजल्याच्या कुंपणावर जांभळ्या काठाच्या शेंगा लगडल्या, आणि दोघी म्हाताऱ्या रोज संध्याकाळी पायरीवर बसू लागल्या.

हेमालीबद्दल तुमचं मत वाईट होऊ देऊ नका, मित्रांनो. ती वाईट नव्हती. एवढ्याशा घरात चिखलाचे पाय, माशा, खतासाठी साठवलेल्या सालांचं मडकं, हे सगळं पुसायचं तिलाच. ती कधी करवादायची, कधी गप्प बसायची. पण आजीच्या हातच्या पातीची भाकरीबरोबरची चटणी तिला मनापासून आवडायची.

दिशा पहिलीत गेली त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आजी न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आणि पंधरा दिवस ती दवाखान्यात राहिली. त्याच पंधरा दिवसांत गॅलरीला काचा बसल्या. दिशाला अभ्यासाला जागा हवी, धूळ आत येते, असं बरेच दिवस घरात चाललं होतं. मिस्त्री तेव्हाच मोकळा होता. कुमारने बादल्या स्वतः गच्चीत नेऊन मांडल्या. "रोज सकाळी जाऊन पाणी घालीन," तो म्हणाला. दोन दिवस घातलंही. मग गोदामात डबल शिफ्ट लागली, हेमाली दवाखाना आणि घर यात अडकली. गच्चीवर मे महिन्याचं ऊन होतं. सावली नावालाही नव्हती.

आजी वॉकर धरून घरी आली. गॅलरीच्या जागी काच, टेबल आणि खुर्ची पाहून ती जरा वेळ उभी राहिली. मग तिने विचारलं, "माझी झाडं?"

हेमाली पटकन म्हणाली, "वर गच्चीत आहेत, आई. तिथे ऊन छान मिळतं."

"पानी घालता ना?"

"हो तर. रोज."

मी तेव्हा देवघराच्या शेजारच्या फळीवर होतो. हेमालीच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की झाडं गेली. आदल्या दिवशीच ती वर जाऊन आली होती आणि येताना तिच्या हातात आल्याचा एक वाळका देठ होता. तो तिने कागदात गुंडाळून डब्यात टाकला होता.

आजीला जिना चढता येत नव्हता. एवढ्यावर तो खोटेपणा टिकला. ती रोज विचारायची आणि हेमाली रोज सांगायची. दवाखान्यातून आलेल्या म्हातारीला कशाला दुखवायचं, असं तिला वाटलं असेल. पुढे तर ती बाजारातून पुदिना आणायची, जुडीचा दोरा जिन्यातच काढून टाकायची आणि आजीला दाखवायची, "बघा, तुमचा पुदिना." आजी तो हातात घेऊन नाकाशी धरायची. "चांगला आलाय," एवढंच म्हणायची. तिला कळलं होतं का? मित्रांनो, मी तिच्या हाताला इतकी वर्षं ओळखतो, तरी मला सांगता येत नाही.

आषाढ लागला. आजीने मला मांडीवर घेतलं, चिंधी काढली आणि राखेतून चार दाणे वेचून हेमालीच्या तळहातावर ठेवले.

"आज लाव. मोठ्या बादलीत लाव, बोटाच्या दोन पेरांवर. बाकीचं मी बरी झाले की बघते. पन हे चार आजच."

हेमाली दाणे मुठीत घेऊन वर गेली. अर्ध्या तासाने परत आली ती रडलेली होती. मोठ्या बादलीत, गच्चीची गळती बुजवायला आलेल्या गवंड्यांनी चुना कालवला होता, असं तिने कुमारला नंतर सांगितलं. बाकीच्या बादल्यांतली माती भाजलेल्या विटेसारखी झाली होती. आजीचा डोळा लागला होता. हेमाली माझ्यापाशी आली आणि ते चारही दाणे माझ्यात परत टाकले. "उद्या खालून माती आणते आणि लावते," ती स्वतःशीच पुटपुटली.

उद्या दिशाला ताप आला. परवा पाहुणे आले. त्यानंतर पाऊस इतका लागला की कोणी बाहेर पडेना.

"लावलंस?" आजीने विचारलं होतं.

"लावलं, आई."

मग रोज नवी चौकशी. "रुजला का?" "हो, दोन पानं आली." "वेल कुठवर गेला?" "कठड्यापर्यंत." आजी आडवी पडून छताकडे पाहायची, जणू तिला छतापलीकडचा वेल दिसतो आहे. भाद्रपदात तिच्या छातीत कफ भरला. शेवटच्या दिवसांत तिने एकदाच हेमालीचा हात धरला आणि म्हणाली, "शेंगा धरल्या की सीताबाईला दे गो. तिचं कुंपण यंदा रंगवलं, वेल तोडला त्यांनी."

"देईन, आई."

घेवड्याला फुलं यायच्या आधीच आजी गेली. आणि ज्याची ती चौकशी करत होती तो घेवडा पूर्ण वेळ तिच्यापासून चार हातांवर, माझ्या पोटात, राखेत कोरडा पडून होता.

त्यानंतर हेमालीने मला पुसलं, खोबरेल लावून चकचकीत केलं आणि काचेच्या कपाटात मधोमध ठेवलं. आल्यागेल्याला ती सांगायची, "आमच्या आईंची आठवण." लोक मला पाहून म्हणायचे, "काय सुंदर आहे हो! असं आता कुठे बघायला मिळतं?" मला फार बरं वाटायचं. इतक्या वर्षांत माझं असं कौतुक कोणी केलं नव्हतं. आषाढ आला तरी कोणी मला रिकामा करेना, याचंही मला बरंच वाटलं. मी भरलेला होतो आणि भरलेलाच राहणार होतो.

पुढच्या ज्येष्ठात सीताबाई जिना चढून वर आल्या. धापा टाकत खुर्चीत बसल्या. "हेमाली, तुंब्यात घेवडा असंल ना? दोन दाने दे. माझ्याकडं वेल तोडला तेव्हा बी धरलंच न्हवतं."

हेमाली कपाटासमोर येऊन उभी राहिली. मला उघडायचं तर ते चार दाणेही हाताला लागणार होते. राखेत चार दाणे वेगळे ओळखता येत नाहीत, पण तिला ते ओळखू आले असते. ती म्हणाली, "नको ना, मावशी. आईंच्या हातचं आहे. उघडवत नाही मला."

"तिच्या हातचं हाय म्हनूनच मागते."

सीताबाई थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या, मग कठडा धरून सावकाश खाली उतरल्या. आणि मी, मित्रांनो, आत कपाटात बसून म्हणालो, बरं झालं! माझी चूक म्हणतो ती हीच. बी सांभाळणं आणि बी अडवून ठेवणं यातला फरक मला तेव्हा कळला नाही.

वर्षं गेली. राखेखाली काहीतरी बदलत होतं, ते मला जाणवायचं. दाणे हलके झाले. काहींना बारीक भोकं पडली. आजी दरवर्षी राख बदलायची, ती आता कोण बदलणार? मी स्वतःला समजावलं, की बी म्हणजे बी, ते झोपलेलं असतं, हाक मारली की उठेल.

या पावसाळ्यात दिशा आठवीत आहे. तिच्या बाईंनी सगळ्यांना एक प्रकल्प दिला, घरात सापडणाऱ्या पाच बिया रुजवायच्या आणि रोज नोंद करायची. दिशाने मूग घेतले, मेथी घेतली, धणे आणि मोहरी घेतली. पाचवं बी म्हणून तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"आई, आजीचं बी घेऊ?"

हेमालीने स्वतः कपाट उघडलं, मला बाहेर काढलं आणि चिंधी ओढली. सात वर्षांनी माझ्यात उजेड आला. ताटात राख ओतली. बाकीच्यांचा किड्यांनी भुसा केला होता; अख्खे एकतीस दाणे निघाले. दिशाने त्यातले दहा ओल्या फडक्यात बांधले.

मुगाला दुसऱ्या दिवशी मोड आले. मेथीला तिसऱ्या दिवशी. घेवड्याचे दाणे नुसते फुगले. पाचव्या दिवशी फडक्याला वास यायला लागला आणि दाणे बोटाला चिकट लागले. "थांब, पाणी जास्त झालं असेल," हेमाली म्हणाली आणि उरलेले एकवीस दाणे तिने स्वतः मातीत लावले, बोटाच्या दोन पेरांवर. रोज सकाळी कुकर लावायच्या आधी ती त्या मातीकडे वाकून बघायची. आठ दिवस गेले, दहा गेले. बाराव्या दिवशी तिने एक दाणा उकरून पाहिला. तो बोटांत पिठासारखा फुटला.

हेमाली तिथेच फरशीवर बसली. दिशा घाबरली. तेव्हा हेमालीने लेकीला सगळं सांगितलं, बादल्या, पुदिना, चार दाणे, कठड्यापर्यंत गेलेला वेल.

दिशाने हळूच विचारलं, "म्हणजे तू आजीला खोटं सांगायचीस?"

"हो."

"रोज?"

"रोज," हेमाली म्हणाली.

त्या संध्याकाळी ती तळमजल्यावर गेली. मला तिने काखेत घेतलं होतं. सीताबाई आता फारशा उठत नाहीत. हेमालीने त्यांना पलंगाशी बसून सांगितलं, "मावशी, तुम्ही मागायला आलात तेव्हा द्यायला हवं होतं. सगळं मेलं."

सीताबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "अगो, बी चार घरांत ठेवायचं असतं. एकीचं गेलं तं दुसरीकडून आनायचं. तू दिलं असतंस, तं आज मी तुला दिलं असतं."

रविवारी कुमार मोटरसायकलवर दिघाशीला जाऊन आला. त्याचा चुलता दामू अजून तिथे शेती करतो. दामू म्हणाला, "वयनीचा घेवडा? तिच्यामागं कोनी लावलाच न्हाय, पोरा. आता बाजारातून पाकीट आनतो." आजीच्या माहेरीही विचारून झालं. तिथे मांडवाच्या जागेवर आता गाड्या उभ्या राहतात.

मित्रांनो, गॅलरीची एक काच हल्ली उघडी असते. मेथी वाढली आहे, कांद्याच्या बुडख्यांना पात आली आहे, पेल्यात पुदिन्याच्या काड्या आहेत. हे सगळं पुन्हा आणता आलं, कारण ते बाजारात मिळतं. घेवडा मात्र आता कुठेच मिळत नाही. मी रिकामा आहे आणि माझ्यात भरायला कोणाकडेही काही नाही. तुमच्या घरी कोणी एखाद्या पुडीत, डबीत, पदराच्या गाठीत बी जपून ठेवलं असेल, तर ते नुसतं जपू नका. यंदाच लावा. शेजारी मागायला आला तर त्याला नाही म्हणू नका. आणि ज्या माणसाने ते जपलं आहे, त्याच्यापाशी बसून दोन प्रश्न विचारा. ते माणूस असेपर्यंतच विचारा.

प्रकल्पाची वही दिशाने काल पूर्ण केली. प्रत्येक बीचं नाव, पेरल्याची तारीख, रुजल्याची तारीख. पाचव्या पानावर ती अडली. तिने हेमालीला विचारलं, "या घेवड्याचं नाव काय लिहू? प्रत्येक जातीला वेगळं नाव असतं, बाई म्हणाल्या." हेमालीने कुमारकडे पाहिलं. कुमार म्हणाला, "आये काहीतरी म्हणायची खरी." तो आठवत राहिला. त्याला आठवलं नाही.

दिशाने पेन्सिलीने खाली काळा दाणा काढला, पाठीवर पांढरी रेघ ओढली, आणि नावाची जागा तशीच सोडून वही मिटली.